तीन सळया

सुतार म्हणून माझ्या कामाला आजवर कुणी नावं ठेवलेली नाहीत. जे झालं त्यातही कामाचा दोष नव्हता. दोष असलाच, तर काम फार चोख झालं हा होता. केझायाला हे पटणार नाही. पण गोष्ट मी सांगतोय, तेव्हा एवढं तरी मला बोलू द्या.

केझाया माझी बायको. जन्म बोटीवरचा. तिच्या घरची माणसं तीन पिढ्या कालव्यांवरून कोळसा आणि चिनी माती वाहत होती. बोटीच्या मागच्या टोकाला आठ फुटांची खोली, त्यात सहा जणांचा संसार. शाळा कधी या गावात चार दिवस, कधी त्या गावात दोन, त्यामुळं लिहिणं-वाचणं तिला जेमतेम. एकोणिसाव्या वर्षी ती माझ्याशी लग्न करून हॅन्ली गावातल्या विटांच्या घरात आली आणि सव्वीस वर्षं त्या घरात राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून म्हणायची, "क्लिफ, ही समोरची भिंत कालसुद्धा इथंच होती." मला वाटायचं, गंमत करतेय. मग एकदा भांडी घासता घासता ती हुंदके देऊन रडताना दिसली. त्या दिवशी मी शब्द दिला, की मुलीचं लग्न झालं की घर विकायचं, बोट घ्यायची आणि निघायचं. शब्द पाळलासुद्धा. हेही लोक विसरतात.

'टीझल' ही जुनी मालवाहू बोट आम्ही शहात्तर सालच्या ऑक्टोबरात घेतली. सत्तर फूट लांब, सात फूट रुंद, कुशी, म्हणजे दोन्ही बाजू, लोखंडाच्या, तळ लाकडाचा. इंजिन आणि मागची आठ फुटी खोली जशीच्या तशी शाबूत, आणि पुढं नुसता रिकामा माल भरायचा हौद. त्या हौदात मला घर बांधायचं होतं. खालचं लॉक चढून आम्ही बोट जुन्या वीटभट्टीच्या धक्क्याला आणून बांधली. ज्यानं लॉक पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली ती एक दगडी खोली असते. बोट आत घ्यायची, पाणी भरलं की बोट चढते, सोडलं की उतरते. आमच्या भागात ही खोली सात फूट एक इंच रुंद. म्हणजे बोटीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच, बस. धक्क्याच्या अलीकडं एक लॉक, पलीकडं सात लॉकांची चढण, आणि मधे दीड मैल सपाट पाणी. तिथं हिवाळाभर काम करायचं आणि एप्रिलात वर निघायचं, असं ठरलं.

हौदात तीन साखळ्या होत्या. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत आडव्या, छातीच्या उंचीला, प्रत्येकीच्या मधे पिळायचा स्क्रू. जुन्या बोटींच्या कुशी वयाबरोबर बाहेर पडतात, माणसाचं पोट सुटतं तशा. साखळ्या त्यांना आवळून धरतात. पण स्वयंपाकघरातून बेडरूमला जायचं तर तीनदा वाकायचं का माणसानं?

"माझी आई आठव्या महिन्यातसुद्धा वाकून जायची," केझाया म्हणाली.

"तुझ्या आईला सुतार नवरा नव्हता."

"नव्हता. म्हणून तर तिची बोट चालायची."

दोन दिवस धुसफूस झाली. शेवटी ठरलं ते असं: साखळ्या काढायच्या, पण आत तीन आडव्या लाकडी भिंती येणार आहेत, त्या प्रत्येक भिंतीच्या पोटातून एक जाड लोखंडी सळई कुशीपासून कुशीपर्यंत न्यायची आणि दोन्हीकडून आवळायची. साखळीचं काम सळई करील आणि दिसणारही नाही. केझायानं माझ्याकडं बोट रोखून सांगितलं, "सळया आधी, भिंत मग. क्लिफ, ऐकतोयस ना?" मी ऐकत होतो. साखळ्या मी काढल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या.

नेमकी तेव्हाच लोहाराची कंबर धरली. तो अंथरुणात पडून म्हणायचा, नाताळ झाल्यावर बघू. इकडं डिसेंबरचा पाऊस, वर नुसती ताडपत्री, आणि माझं ओकचं लाकूड कापून, रंधून तयार. ओक भिजला तर सगळीच मेहनत पाण्यात. मी भिंती उभ्या केल्या. मनाशी म्हटलं, सळया आल्या की दोन फळ्या काढू आणि सारून देऊ. मग वर छप्पर बसलं, कपाटं बसली, पलंग बसला, आणि त्या फळ्यांच्या पुढं चूल आली. जानेवारीत केझायानं सहज विचारलं, "सळया घातल्यास?" आणि मी म्हटलं, "घातल्या." एवढंच. कुठलं षड्यंत्र नाही, काही नाही. हातात करवत होती, डोक्यात खिडकीचं माप होतं, आणि तोंडातून शब्द गेला.

आणि भिंती मी अशा घट्ट बसवल्या होत्या, की कुशीत आणि फळीत कागद सरकला नसता. ओक थोडा ओला होता, तो हिवाळ्याच्या दमटपणात आणखी फुगला. तीन भिंतींनी मिळून बोटीला आतून रेटलं. साखळ्या असत्या तर त्यांनी दाबून धरलं असतं. साखळ्या नव्हत्या.

एप्रिलच्या नऊ तारखेला आम्ही निघालो. केझाया सुकाणूवर, डोक्याला रुमाल, गाल लाल. तिला इतकी खूश मी लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. मी लॉकचे दरवाजे उघडून वर उभा. बोटीचं नाक आत आलं, स्वयंपाकघराची खिडकी आली, आणि मग लोखंड दगडाला घासल्याचा कर्कश आवाज झाला. अर्धी बोट आत, अर्धी बाहेर, आणि ना पुढं ना मागं.

चार तास लागले. लॉककीपर हॉरेस पिमनं वरून पाणी सोडून सोडून धक्के दिले, आणि मी आणि मागं खोळंबलेल्या दोन बोटींवरची माणसं दोर धरून ओढत राहिलो. शेवटी बोट मागं निसटली. हॉरेस चौसष्ट वर्षांचा, केझायाला लहानपणापासून ओळखणारा. त्यानं टोपी काढून घाम पुसला.

"हॉरेस, तुमचं लॉक आकसलंय," केझाया म्हणाली.

"लॉक आकसत नसतं, पोरी."

"थंडीनं भिंत पुढं आली असेल. फुगतात भिंती."

"अडतीस वर्षं या भिंतीला मी रोज बघतोय. फुगली असती तर मला आधी दिसली असती."

"मग माझी बोट फुगली म्हणता?" ती माझ्याकडं वळली. "क्लिफ, सळया आहेत ना आत?"

सगळे माझ्याकडं बघत होते. दोरानं तळहात सोलून निघाले होते. मी म्हटलं, "आहेत."

"झालं तर मग," ती हॉरेसला म्हणाली. "माझ्या नवऱ्याच्या कामात एका केसाचाही फरक पडत नाही."

यापेक्षा तिनं मला कालव्यात ढकललं असतं तर बरं झालं असतं. आम्ही परत वीटभट्टीशी येऊन बांधलो. मी म्हटलं, थोडे दिवस थांबू, उन्हानं भिंत बसेल जागेवर. भिंत कसली बसतेय. दीड मैलाचं पाणी, एका टोकाला एक लॉक, दुसऱ्या टोकाला दुसरं, दोन्ही सारख्याच रुंदीची. आपण खालूनसुद्धा बाहेर पडू शकत नाही, हे मला ठाऊक होतं. तिला ते कळू नये म्हणून "खाली जाऊन करायचंय काय" असं मी रोज काहीतरी बोलायचो. एका बाटलीत दोघं अडकलेलो, आणि बूच कुणी लावलंय हे एकट्यालाच माहीत.

ती मात्र रोज विचारायची. सकाळी धिरडं उलटताना, "सळया चांगल्या जाड घेतल्या होत्यास ना?" दुपारी कपडे वाळत घालताना, "लोहारानं टोकं नीट आवळली होती ना?" माझं एकच पालुपद: होय, होय, होय. एकदा खोटं बोललं की पुढचं आपोआप येतं म्हणतात. साफ चूक. दर वेळी पहिल्याइतकंच जड जातं.

सहाव्या दिवशी तिनं टेबल पुसलं आणि माझ्यापुढं कागद ठेवला.

"कालव्याच्या ऑफिसला पत्र लिहायचंय. मला लिहिता येत नाही, तू लिही."

"कशाला उगाच. म्हातारा ऑगस्टमध्ये निवृत्त होतोय."

"म्हणजे आपण ऑगस्टपर्यंत इथं कुजायचं? लिही. वरच्या लॉकची भिंत फुगली आहे."

मी लिहिलं.

"लिही. लॉककीपर पिम यांनी अडतीस वर्षांत तिच्याकडं लक्ष दिलेलं नाही."

"केझ, हे जरा जास्त होतंय."

"खोटं आहे का?"

तेही लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, ठळक, सुताराच्या पेन्सिलीचं. त्या माणसानं चार तास माझ्यासाठी घाम गाळला होता, आणि मी त्याच्याविरुद्ध एकेक अक्षर सुबक काढत होतो. खाली केझायानं आपली सही केली, वेडीवाकडी, जीभ दातांत धरून. मग म्हणाली, "उद्या पोस्टात टाक."

ते पत्र पाच दिवस माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. "टाकलंस?" "टाकलं."

अकराव्या दिवशी दुपारी हॉरेस आला. केझाया चुलीवर लॉबी ढवळत होती. मटण, बटाटे, गाजर, आमच्याकडचं नेहमीचं. तो दारातच उभा राहिला. बस म्हटलं तरी बसेना. टोपी हातात फिरवत मला म्हणाला, "क्लिफर्ड, माझ्याविरुद्ध पत्र लिहिलंयत म्हणे तुम्ही."

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"ते राहू दे. तू कारागीर माणूस. मला एकच सांग. तुला मनापासून वाटतं का, की माझी भिंत सरकली? तसं असेल तर मी स्वतः ऑफिसात जाऊन सांगेन, की म्हातारा झालो, दिसलं नाही. अडतीस वर्षांनंतर ते सांगणं जिवावर येईल, पण सांगेन. तू म्हण फक्त."

केझायाचा पळा थांबला. मी माझ्या ओकच्या भिंतीकडं बघत राहिलो. त्या भिंतीत कागद जाईल इतकीही फट नव्हती. मग खिशातून पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"टाकलेलं नाही," मी म्हटलं. "भिंत तुमची सरकलेली नाही. सळया घातलेल्याच नाहीत. एकही नाही. लोहार आला नाही, आणि मी थांबलो नाही."

हॉरेसनं टोपी डोक्यावर घातली. केझायाकडं बघून हलकेच मान हलवली आणि निघून गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, पत्राचं त्याला सांगणारं दुसरं कोण असणार.

"तुला माहीत होतं."

तिनं एप्रनच्या खिशातून एक सुतळी काढली. तिच्यावर तीन गाठी होत्या. एका टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत आमची बोट ऑक्टोबरात रुंदीला होती तेवढी. दुसरीपर्यंत लॉक. तिसरीपर्यंत आमची बोट आता.

"तू दोराला लटकला होतास ना, तेव्हाच मापली. बोटीवर जन्मलेय मी, क्लिफ. लोखंड कसं घासतं त्याच्यावरून कळतं. हॉरेसलाही त्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, सांगेल पोरगा आपणहून, दोन दिवस दे. मी अकरा दिले."

"मग ते पत्र?"

"तुझ्या हातानं लिहून घेतलं. म्हटलं, एवढं तरी हातून लिहवणार नाही. तर तू स्वल्पविरामसुद्धा दिलेस." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला झेपलं असतं. "बोट अडकली त्याचं मला काही नाही. बोटी अडकतात, चार माणसं मिळून काढतात. पण मी रोज विचारत होते. रोज तुला दार उघडून देत होते. आणि तू रोज माझ्या तोंडावर ते लावत होतास."

"मी तुझ्यासाठी घर बांधत होतो, केझ."

"घर होतं माझ्याकडं," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं होतं."

लॉबी चुलीवर तशीच सोडून मी उठलो आणि हातोडा आणला. पहिल्या भिंतीची पहिली फळी मीच काढली.

नऊ दिवस लागले उखडायला. पलंग, कपाटं, चुलीमागचा तो नक्षीचा पट्टा, जो मी नुसत्या चाकूनं तीन आठवडे कोरला होता. सगळं धक्क्यावर रचलं आणि वर ताडपत्री टाकली. केझाया दिवसभर माझ्या बरोबरीनं ओढत होती, खिळे वेगळे करत होती. बोलायची नीट. "हे धर", "बोटं सांभाळ", "चहा झालाय". रात्रीची झोपायला मात्र ती मागच्या आठ फुटी खोलीत जायची, आणि मी रिकाम्या हौदात फळ्यांवर. म्हणायची, "तिथं एकाचीच जागा आहे." मी म्हटलं, राग आहे, निवळेल. हॉरेसनं आपल्या खोपटातून तीन जुन्या साखळ्या काढून दिल्या, आमच्यासाठी जपून ठेवल्यासारख्या तेल लावलेल्या. रोज सकाळी केझाया स्क्रूला पाव पाव पिळा द्यायची, आणि संध्याकाळी सुतळी लावून बघायची. मे संपता संपता बोट पहिल्या गाठीवर आली.

निघायच्या दिवशी ऊन स्वच्छ होतं. मी लॉकच्या वर, ती सुकाणूवर. टीझल आत शिरली. दोन्हीकडून दगड अर्ध्या अर्ध्या इंचावर. पण घासली नाही, अडली नाही, सरळ आत आली. पाणी भरलं, बोट माझ्या पायांपर्यंत चढली, आणि केझाया माझ्यासमोर आली. मी हसलो. ती पुढं बघत होती. मी वरचा दरवाजा ढकलून उघडला आणि ती बाहेर पडली.

आमच्यात रीत अशी आहे, की जो जमिनीवर असतो तो मागचा दरवाजा लावतो, आणि तोवर बोट पुढं काठाला जरा थांबते, तो उडी मारून चढतो. मी दरवाजा लावला. वळून बघतो तर बोट पुलाखालून पलीकडं गेलेली. म्हटलं, पुढच्या लॉकला तर थांबावंच लागेल, एकटीनं दरवाजे कसे उघडेल? पण हॉरेस सायकलवरून पुढं गेला होता. एकेक लॉक तयार करून ठेवत होता. ती आली की आत, पाणी, वर, बाहेर. मी दुखरा गुडघा धरत पोचायचो तेव्हा वरचा दरवाजा सताड उघडा असायचा, आणि बोट पुढच्या वळणावर.

उघडा दरवाजा म्हणजे मागं माणूस आहे, तो लावील. म्हणून मला बरंच वाटत होतं. शिक्षा देतेय, म्हटलं. चालव बाई, घे चालवून, माझी चूकच आहे. दुसरा लावला, तिसरा, चौथा. पाचव्याशी ती जरा जवळ दिसली. मी हाक मारली, "केझ, चढू दे की आता."

तिनं मान वळवली नाही. "दरवाजा लाव आधी," म्हणाली. मी दरवाज्याच्या लाकडाला पाठ लावून रेटा दिला. तो लागेपर्यंत बोट गेली होती. सहावाही लावला.

सातव्याच्या वर आठ मैल एकही लॉक नाही. तिथं बोटीला जमिनीवरचा माणूस लागत नाही. त्या शेवटच्या चढावर मी जवळजवळ पळतच गेलो. हॉरेस तिथं सायकल धरून उभा होता, कालव्याकडं पाठ करून. वरचा दरवाजा बंद होता.

"तुम्ही लावलात?" मी विचारलं.

"नाही रे पोरा." त्याला माझ्याकडं बघवेना. "बोट काठाला लावली, उतरली आणि स्वतः लावला. मी म्हटलं, अगं, तो येतोय. म्हणाली, माहीत आहे."

दरवाज्याच्या लाकडावर माझी हत्यारांची पिशवी ठेवलेली होती. वरती कागदात बांधलेली चार धिरडी, चीज घातलेली. हॉरेस म्हणाला, सायकल हवी तर ने. पलीकडं पाणी लांबवर सरळ गेलेलं होतं आणि त्यावर कुणी नव्हतं. मी वाकून दरवाज्याच्या कडेवरून हात फिरवला. चांगला लागला होता, कुठं पाणी झिरपत नव्हतं.